वाढणाऱ्याचं ताट

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



कवीला रेडिओवर बोलावलं की तो पावसावर बोलेल, गावावर बोलेल, नाहीतर आईवर बोलेल, असा सर्वांचा समज असतो. आज मी जेवणावर बोलणार आहे, आणि तेही जहाजावरच्या जेवणावर. आई त्यात येईलच, पण तिच्या सवयीप्रमाणे सर्वांच्या शेवटी.

माझं गाव दाभोळच्या खाडीकाठी. माझ्या लहानपणी मुंबईला जायला एसटी होती, पण आमच्या घरच्यांचा जीव आगबोटीवर होता. बोट किनाऱ्याला लागत नसे. ती बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि आम्ही पडावात बसून तिच्यापर्यंत जायचो. ट्रंका, फणस, कोंबड्या, तान्ही मुलं, सगळं त्या पडावातून वर चढायचं. पावसाळ्यात बोट बंद. बाकीचे महिने ती बंदरं घेत घेत भाऊच्या धक्क्याला पोचायची.

बोटीवर यजमान असा कोणी नव्हता. ज्याची त्याची शिदोरी. आमच्या फडक्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी असायची. एकदा शेजारच्या सतरंजीवर गुहागरकडच्या एक काकू होत्या. त्यांनी आम्हा भावंडांच्या हातावर एकेक लाडू ठेवला. आता परतफेड तर करायला हवी, आणि जवळा काही देता येईना. आईने सगळं बोचकं उलटंपालटं केलं आणि तळाशी सापडलेली चार केळी काकूंच्या पुढे ठेवली. काकू हसल्या, आई हसली. मग आम्हाला वाढून झाल्यावर आई समुद्राकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून जेवली. मला वाटायचं, तिला समुद्र आवडतो.

अशीच एक बोट स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर होती. तिचं नाव 'कोलंबा'. १९६४ साली अ‍ॅबर्डीनच्या गोदीत ती बांधली गेली. ओबन हे तिचं बंदर. तिथून ती हेब्रिडीज बेटांकडे जायची. पोटात ५० मोटारी आणि वर ६०० उतारू. बेटांवरचे शेतकरी, शाळामास्तर, बाजाराला निघालेल्या बायका, म्हणजे आपल्या दाभोळ-जयगडच्या बोटीवर असायची तशीच माणसं. पंचवीस वर्षांनी, १९८९ मध्ये, तीच बोट नवं रूप घेऊन समुद्रात आली. नवं नाव 'हेब्रिडियन प्रिन्सेस'. आता तिच्यावर पाहुणे घेतात जेमतेम ५०, आणि त्यांच्या दिमतीला खलाशी धरून सुमारे ३८ माणसं. इंग्लंडच्या राणी दुसऱ्या एलिझाबेथ यांनी वयाच्या ऐंशीव्या वर्षी, २००६ मध्ये, ही बोट भाड्याने घेतली आणि घरच्या मंडळींना घेऊन त्या बेटांमधून फिरून आल्या. २०१० मध्ये त्यांनी ती पुन्हा घेतली.

या बोटीवरचा पाहुणचार ऐकण्यासारखा आहे. रात्री ती बहुधा एखाद्या शांत आखातात नांगर टाकते, कारण पाहुण्यांना झोप नीट लागली पाहिजे. जेवायला त्या किनाऱ्याचीच मासळी, शिंपल्या, हरणाचं मांस. एखाद्या संध्याकाळी हॅगिस आणतात. मेंढीचं काळीज, फुप्फुस बारीक करून, त्यात ओट घालून शिजवलेला हा पदार्थ बॅगपाइपच्या सुरांत मिरवत टेबलापर्यंत येतो. आपल्याकडे वजडी-काळीज म्हटलं की कित्येकजण नाक मुरडतात. तिथे त्याचीच वरात निघते. सांगायचा मुद्दा, सांगाडा त्याच बोटीचा. ज्या जागेत पूर्वी ६०० माणसं दाटीवाटीने बसत होती, तिथे आता ५० माणसं जेवतात.

आलिशान म्हणजे काय, याचं उत्तर मला या हिशेबात सापडलं. मी समजत होतो, झुंबरं, गालिचे, चांदीचे काटे-चमचे म्हणजे आलिशान. ते तर मोठ्या जहाजांवरही असतं. २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'आयकॉन ऑफ द सीज' या अजस्र जहाजावर जास्तीत जास्त ७,६०० प्रवासी मावतात आणि कर्मचारी असतात २,३५०. म्हणजे तीन पाहुण्यांमागे एक माणूस. आता दुसरं टोक पाहा. १९८४ मध्ये फिनलंडमध्ये बांधलेलं 'सी गॉडेस' नावाचं छोटं जहाज पुढे 'सी ड्रीम' या नावाने चालू लागलं. त्यावर पाहुणे ११२ आणि कर्मचारी सुमारे ९५. जवळजवळ माणशी एक माणूस. या जहाजाची एक रीत प्रसिद्ध आहे. कॅरिबियन बेटांच्या किनाऱ्यावर वेटर कपड्यांसकट पाण्यात उतरतात आणि सर्फबोर्डवर मांडलेली कॅविअर पोहणाऱ्या पाहुण्यांना तिथेच वाढतात. कॅविअर म्हणजे स्टर्जन माशाची गाबोळी. गाबोळी आपणही खातो, पण ती घेऊन कोणी कमरेभर पाण्यात आपली वाट पाहत उभं राहत नाही. श्रीमंती गाबोळीत नसते, त्या उभं राहण्यात असते.

अशाच एका छोट्या जहाजावर माझा पुतण्या वेटर आहे. हॉटेलचं शिक्षण घेतलेली कोकणातली आणि गोव्यातली पुष्कळ मुलं आज या नोकरीत आहेत. एका हिवाळ्यात त्याचं जहाज मुंबईत बॅलार्ड पिअरला लागलं. घरच्या माणसांना काही तास जहाज पाहायची परवानगी मिळते. नावं आधी कळवावी लागतात, कागदपत्रं दाखवावी लागतात. खरं तर जायचं होतं माझ्या भाभीने, म्हणजे त्याच्या आईने. पण तिचे गुडघे दुखतात. ती म्हणाली, "मला ती शिडी चढवायची नाही. तू जाऊन ये. पोरगा तिथे काय करतो आणि काय खातो, ते नीट बघून मला सांग."

गेलो. त्याने आधी मला जहाजाचं स्वयंपाकघर दाखवलं. त्याला गॅली म्हणतात. आपल्या चाळीतल्या दोन खोल्यांएवढी जागा, सगळी लखलखीत पोलादाची. उघड्या जाळाला तिथे मज्जाव, कारण समुद्रात आगीसारखी दुसरी भीती नाही. सगळं विजेवर. शेगडीला कठडे, जहाज डोललं तरी पातेलं घसरू नये म्हणून. फार समुद्र असला तर टेबलावरची चादर किंचित ओली करतात, म्हणजे बशा जागच्या हलत नाहीत. ही जुनी युक्ती आहे. जहाज अमेरिकेच्या बंदरात गेलं की तिथल्या आरोग्य खात्याची माणसं न सांगता येतात आणि स्वच्छतेची परीक्षा घेतात. शंभरपैकी ८५ किंवा त्याहून कमी गुण मिळाले तर जहाज नापास. आणि निकाल सगळ्या जगाला वाचायला मिळतो. मी म्हटलं, "बाबा रे, आमच्या वेळी पस्तीसला पास करायचे."

मग त्याने खिशातून एक छोटी वही काढली. तीत पाहुण्यांच्या खोलीनुसार नोंदी होत्या. कोणाला चहा पातळ लागतो, दूध वेगळं. कोणाच्या माशाचे काटे आधीच काढून आणायचे. कोणाला ऐकू कमी येतं, तेव्हा उजव्या बाजूने बोलायचं. एका बाईंच्या नावापुढे लिहिलं होतं, 'डावखुऱ्या, पेला डावीकडे'. एका गृहस्थांच्या नावापुढे, 'मुलाचा विषय काढू नये'. या जहाजांवर टेबल ठरलेलं नसतं. पाहुणा हवा तेव्हा येतो, हवा तिथे बसतो. त्यामुळे ही वही डोक्यात ठेवून फिरावं लागतं. पहिल्या रात्री नाव विचारायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी नावाने हाक मारायची. तिसऱ्या दिवशी पाहुण्याने मागायच्या आत त्याची वस्तू समोर आली पाहिजे.

मला त्या वहीचं फार नवल वाटलं. माणसाकडे इतकं लक्ष देणं, हे आम्हा कवींचं काम. आम्ही ते महिन्यातून एकदा करतो आणि त्यावर समारंभात हार घालून घेतो. हा मुलगा दिवसातून तीन वेळा करतो.

आणखी एक गोष्ट सांगतो. तो दारू पीत नाही. पण कुठल्या माशाबरोबर कुठली वाइन चांगली लागेल, तिला लिंबाची आंबटाई आहे की ओल्या दगडाचा वास, हे तो पाहुण्यांना समजावून देतो. मी विचारलं, "न चाखता सांगतोस कसं?" म्हणाला, "चाचा, शब्द पाठ केलेत. पाहुणा प्यायला की त्याच्या तोंडाकडे बघतो. शब्द बरोबर होते की नाही ते कळतं." जुन्या इंग्रजी कंपन्यांच्या जहाजांवर डेकवर रत्नागिरीकडचे खलाशी असत आणि जेवणाच्या सलूनमध्ये गोव्याचे ख्रिस्ती स्टुअर्ड. मुंबईत धोबीतलावला गोवेकरांचे 'कूड' होते. एका गावच्या माणसांनी मिळून चालवलेली ती राहण्याची जागा. जहाजावरून उतरलेला गोवेकर तिथे पेटी ठेवायचा आणि पुढच्या जहाजाची वाट पाहायचा. आमच्या घरातले आजे-पणजे सारंग, तांडेल म्हणून जहाजावर गेले, पण सलूनच्या दारापर्यंतच. दाराच्या आत जाणारा हा आमच्या घरातला पहिला.

दुपारी त्याने मला टेबलावर बसवलं. पांढरी शुभ्र चादर, तीन काटे, तीन सुऱ्या. मी कुठला उचलावा या विचारात असताना त्याने हळूच बाहेरच्या काट्याला बोट लावलं, म्हणजे सुरुवात बाहेरून. सूप आलं, मासा आला, पाव तर पहाटे भाजलेला. तो माझ्या डाव्या खांद्यामागे उभा. मला घास गिळेना. आमच्याकडे म्हणतात, मेहमान आपला रिज्क सोबत घेऊन येतो. रिज्क म्हणजे त्याच्या वाट्याचं अन्न. तेव्हा पाहुण्याला वाढल्याने घरात काही कमी होत नाही, आणि यजमानाने त्याच्यासोबत बसून खायचं असतं. दस्तरखानाचा अर्थच तो. मी म्हटलं, "तू बस ना. तू जेवलास का?" तो हसला. "चाचा, मी साडेअकरालाच जेवलो, खाली. इथे बसायचं नसतं."

खाली म्हणजे कर्मचाऱ्यांच्या मेसमध्ये. मी हट्टाने ती पाहिली. भात, डाळ, मासळीचं कालवण, अंडी. चांगलं जेवण होतं. भाभीला सांगण्यासारखं. यालाही आता कायदा आहे. जहाजावरच्या कामगारांसाठी २००६ साली एक आंतरराष्ट्रीय करार झाला. २०१३ पासून तो लागू आहे आणि भारताने २०१५ मध्ये तो मान्य केला. त्यानुसार कर्मचाऱ्याला अन्न आणि पाणी फुकट द्यायचं, त्याचा धर्म आणि रीतभात लक्षात घेऊन द्यायचं, आणि चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती द्यायची. कायदा चांगला आहे. पण २०२० च्या साथीत बंदरं बंद झाली, तेव्हा जगभरचे सुमारे चार लाख दर्यावर्दी करार संपूनही महिनोन्‌महिने जहाजांवर अडकून पडले होते. पाहुणे उतरले होते, पाहुणचार करणाऱ्यांना उतरायला जागा नव्हती.

आमच्या घरावर जे आलं, ते त्यानंतरचं. माझे थोरले भाई, या मुलाचे वडील, २०२२ च्या नोव्हेंबरात वारले. हिवाळा आला की ही छोटी जहाजं भूमध्य समुद्र सोडून कॅरिबियनकडे निघतात. मध्ये अख्खा अटलांटिक. कित्येक दिवस जमीन नाही, उतरायचं म्हटलं तरी उतरणार कुठे? मीच त्याला फोन केला. आमच्यात दफन लवकर करतात. त्याला यायला वेळ लागेल म्हणून थांबायचा प्रश्नच नव्हता. तो एवढंच म्हणाला, "चाचा, माती माझ्या नावाने तुम्ही टाका."

वरिष्ठांनी त्याला सुट्टी दिली होती. पण खालच्या बिनखिडकीच्या खोलीत तो बसू शकेना. संध्याकाळी गणवेश चढवून कामावर आला. त्या रात्री कोणाचा तरी वाढदिवस होता, त्याने केकही नेला. मग त्या डावखुऱ्या बाईंचं टेबल. ऐंशीच्या पुढच्या, एकट्याच प्रवास करणाऱ्या. याने पेला उजवीकडे ठेवला. दहा दिवसांत पहिल्यांदा चुकला. बाईंनी पेल्याकडे पाहिलं, मग याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काय झालं?" याने सांगितलं. त्या म्हणाल्या, "बस इथे." हा म्हणाला, "मला बसता येत नाही." तेव्हा त्या बाईंनी मांडीवरचा रुमाल टेबलावर ठेवला, हाताने टेबल धरलं आणि हळूहळू स्वतः उभ्या राहिल्या. बोलल्या काहीच नाहीत. सगळं जेवणघर जेवत होतं, आणि एक पाहुणी आणि एक वेटर दोन मिनिटं समोरासमोर उभे होते. पुतण्या म्हणतो, "चाचा, मी अब्बांच्या जनाज्याला नव्हतो. पण कोणीतरी माझ्यासोबत उभं राहिलं होतं."

श्रोतेहो, ही जहाजं वाईट आहेत, असं सांगायला मी आलेलो नाही. पुतण्याचा पगार तिथूनच येतो, भाभीची औषधं त्यातूनच येतात. आणि त्याला त्याच्या कामाचा अभिमान आहे. विकत घेतलेला पाहुणचार खोटाच असतो, असंही मी आता म्हणणार नाही. पैसे देऊन चादर मिळते, मासा मिळतो, नावाने हाक मिळते. पण वही लिहिणाऱ्याच्या मनातलं लक्ष खरं असल्याशिवाय पेला डावीकडे येत नाही. फक्त एक गोष्ट त्या भाड्यात बसत नाही. वाढणाऱ्याकडे परत पाहणं. ते पाहुण्यालाच करावं लागतं.

हे सगळं मी मोठ्या तावातावाने भाभीला सांगितलं. म्हटलं, "काय लोक आहेत. शंभर माणसं शंभर माणसांना वाढतात आणि एकालाही सोबत बसता येत नाही." भाभी भाकऱ्या थापत होती. मी जेवत होतो. ती काही बोलली नाही. पुढची गरम भाकरी माझ्या ताटात टाकली आणि परत तव्याकडे वळली.

गेल्या उन्हाळ्यात पुतण्या रजेवर आला. त्याचं आवडतं सुरमईचं कालवण केलं होतं. आम्ही सगळे दस्तरखानावर बसलो. हा बसेना. म्हणाला, "अम्मा, तू बस. मी वाढतो." भाभी म्हणाली, "वेडा झालास? घरी आलायस, तिथे करतोस तेवढं पुरे." तो ऐकेना. तिचा हात धरून त्याने तिला बसवलं, उशी गुडघ्याखाली दिली. आणि मग म्हणाला, "अम्मा, तुला माशाचा कुठला तुकडा आवडतो?"

भाभी गप्प. आम्हीही गप्प. चाळीस वर्षं तिच्या हातचं खाणाऱ्या आमच्यापैकी एकालाही ते ठाऊक नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "मला काय, उरेल तो." पुतण्याने मान हलवली. खिशातून ती वही काढली, आणि पेन उघडून तिच्या उत्तराची वाट पाहत उभा राहिला.

बऱ्याच वेळाने भाभी म्हणाली, "शेपटीकडचा. कुरकुरीत तळलेला."

तेव्हा मला माझी आई आठवली. बोटीच्या डेकवर, समुद्राकडे तोंड करून जेवणारी. तिला समुद्र आवडत होता असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. आता वाटतं, तिच्या वाट्याला काय उरलंय ते आम्हाला दिसू नये, म्हणून ती पाठ करून बसत असेल. मी तिला कधी विचारलं नाही, आणि आता विचारायला ती नाही.

तुमच्या घरी आज दुपारी पंगत बसेल. ताट पुढे येईल. पहिला घास घेण्याआधी वाढणाऱ्याला एवढंच विचारा, तू जेवलीस का? आणि उत्तर येईपर्यंत थांबा.